व्हीगन आणि क्रुएल्टी-फ्री मेकअप: ब्रँडच्या नावावर जाऊ नका, हातातली शेड तपासा

माझ्या ओळखीत हा प्रश्न नेहमी एकाच स्वरूपात येतो: "एखादा चांगला व्हीगन ब्रँड सांग ना." चूक या प्रश्नातच आहे. एकाच ब्रँडची एकाच मालिकेतली तपकिरी लिपस्टिक व्हीगन असते आणि शेजारची लाल नसते. मी स्वतः चार वर्षं एक लाल लिपस्टिक वापरली. खोक्यावर सशाचं चित्र होतं, एवढ्यावरच मी निश्चिंत होते. एकदा प्रवासात सहज खोक्याची मागची बाजू वाचली, तेव्हा कळलं की तो लाल रंग किड्यांपासून काढलेला होता. कंपनी खोटं बोलली नव्हती. प्राण्यांवर चाचणी केली नाही, एवढंच ती म्हणत होती. व्हीगन असल्याचा दावा तिने केलाच नव्हता, तो मी मनाने जोडला होता.

म्हणून आधी दोन शब्द वेगळे करू. क्रुएल्टी-फ्री म्हणजे वस्तू किंवा तिचे घटक प्राण्यांवर तपासलेले नाहीत. व्हीगन म्हणजे वस्तूत प्राण्यांपासून मिळालेलं काहीही नाही. मधमाशीचं मेण घातलेला लिपबाम क्रुएल्टी-फ्री असू शकतो. प्राण्यांपासून आलेला एकही घटक नसलेली क्रीम प्राण्यांवर तपासलेली असू शकते. दोन्ही हवं असेल तर दोन वेगळ्या तपासण्या कराव्या लागतात. त्यांचा क्रम खाली दिला आहे.

## तयारी: दुकानात जाण्याआधी घरी करायचं काम

एक कागद घ्या आणि तीन गोष्टी ठरवून लिहा.

पहिली, मध, मेण, लोकर यांसारखे प्राण्याला न मारता मिळणारे घटक तुम्हाला चालतात का? काटेकोर व्हीगन व्याख्येत ते बसत नाहीत. तुम्हाला फक्त मांस-चरबी-मासे टाळायचे असतील, तर तुमची गरज शाकाहारी मेकअपची आहे. त्यातही काही गैर नाही, पण शोधायची वस्तू बदलते.

दुसरी, ब्रँड स्वतः चाचणी करत नाही पण त्याची मालक कंपनी करते, असा ब्रँड चालेल का?

तिसरी, शंका असलेली वस्तू घ्यायची की सोडायची? मी सोडते. तुम्ही घेणार असाल तरी ते आधीच ठरवलेलं बरं. काउंटरवर विक्रेती समोर उभी असताना माणूस स्वतःशी तडजोड करतो.

मग मेकअपची पिशवी पलंगावर ओता आणि प्रत्येक वस्तूच्या लेबलचा फोटो काढा. अक्षरं इतकी बारीक असतात की फोटो मोठा करूनच ती वाचता येतात. ज्यांची खोकी टाकून दिली असतील त्यांची घटकयादी कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा.

सावधान: जुन्या वस्तूत प्राणिज घटक सापडला म्हणून ती कचऱ्यात टाकू नका. ती संपवा किंवा संपेपर्यंत वापरेल अशा कुणाला द्या, आणि बदल पुढच्या खरेदीपासून करा. एका दिवसात सगळं बदलायला निघालेल्या बहुतेक जणी महिनाभरात थकून जुन्या वस्तूंकडे परततात.

## पायरी १: आधी वस्तू आणि शेड पक्की करा

"मला व्हीगन मेकअप हवाय" असं म्हणून शोधायला बसलात तर हजार वस्तू समोर येतील. त्याऐवजी "गडद लाल मॅट लिपस्टिक" किंवा "पाण्याने न पसरणारं काजळ" असं नेमकं ठरवा. दोन किंवा तीन पर्याय निवडा, प्रत्येकाच्या शेडचं नाव आणि क्रमांक लिहा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या विशिष्ट शेडसाठी करायच्या आहेत.

## पायरी २: घटकांची यादी वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लोगो नंतर पाहायचा, यादी आधी. लोगो पाहिला की डोळे यादी वाचायचं बंद करतात.

यादीची रचना समजून घ्या. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने येतात, त्याखालचे कोणत्याही क्रमाने. रंग बहुधा शेवटी असतात आणि त्यांना 'सीआय' (CI) या अक्षरांपुढे पाच आकडी क्रमांक असतो. त्यामुळे मेकअपच्या वस्तूची यादी मी शेवटून वाचायला सुरुवात करते.

रंगांचे क्रमांक. तीन क्रमांक पाठ करा.

- सीआय ७५४७०: कार्माइन. कोचिनील नावाच्या, निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांना वाळवून काढलेला लाल रंग. एक किलो रंगासाठी लाखाच्या वर किडे लागतात. लेबलवर कार्माइन, कोचिनील, कार्मिनिक ॲसिड किंवा नॅचरल रेड ४ अशीही नावं येतात. आपल्या 'किरमिजी' या शब्दातच किडा दडलेला आहे, हे लक्षात ठेवलं तर हा रंग विसरायला होत नाही. लाल, गुलाबी, जांभळ्या, मरून लिपस्टिक आणि ब्लशमध्ये तो सर्रास सापडतो.
- सीआय ७५१७०: ग्वानिन. मोत्यासारखी चमक देणारा, माशांच्या खवल्यांपासून मिळणारा पदार्थ. चमकदार नेलपॉलिश, आयशॅडो आणि हायलायटरमध्ये शोधा.
- सीआय ७७२६७: हाडांचा कोळसा. क्वचित दिसतो, पण काळ्या वस्तूंमध्ये पाहून घ्या. यातला शेवटचा आकडा सहा असेल, म्हणजे सीआय ७७२६६, तर तो साधा कार्बनचा काळा आहे आणि चालतो.

लाल रंग व्हीगनही मिळतो. सीआय १५८५० हा कारखान्यात बनणारा लाल, सीआय ७७४९१ हा लोहाचा तांबूस. 'व्हीगनमध्ये खरा लाल मिळत नाही' हा समज निराधार आहे.

सावधान: यादीच्या अगदी शेवटी अधिक-उणेचं चिन्ह किंवा 'असू शकतात' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असतात. त्यापुढे पूर्ण मालिकेतल्या सगळ्या शेडचे रंग एकत्र छापलेले असतात. तिथे ७५४७० दिसला तर तुमच्या शेडमध्ये तो आहेच असं नाही, आणि नाहीच असंही नाही. अशी शेड 'शंका' या रकान्यात टाका आणि पायरी ६ पर्यंत थांबा. माझी ती लाल लिपस्टिक मी इथेच ओळखायला हवी होती.

ठरलेले प्राणिज घटक. लेबलवर लॅटिन किंवा इंग्रजी नावं असतात, ती अशी उच्चारली जातात:

- सेरा अल्बा, सेरा फ्लाव्हा, बीजवॅक्स: मधमाशीचं मेण. लिपस्टिक, मस्कारा, काजळकांडी यांत.
- लॅनोलिन, लॅनोलिन अल्कोहोल: मेंढीच्या लोकरीवरचा चिकट स्निग्ध पदार्थ. लिपबाम आणि ग्लॉसमध्ये.
- शेलॅक: लाख. काही नेलपॉलिश आणि मस्कारामध्ये.
- मेल, प्रोपोलिस, रॉयल जेली: मध आणि पोळ्यातले पदार्थ.
- कोलॅजन, इलॅस्टिन, केराटिन: माशांची किंवा जनावरांची कातडी, हाडं, शिंगं, पिसं. 'व्हीगन कोलॅजन' असं स्पष्ट लिहिलं असेल तर स्रोत विचारा.
- सिल्क पावडर, सेरिसिन: रेशीम. कॉम्पॅक्ट आणि फिनिशिंग पावडरमध्ये.
- लॅक, केसिन, व्हे: दूध. इथे घोटाळा होतो. लॅटिनमधला 'लॅक' म्हणजे दूध, आपली लाख नव्हे.
- टॅलो आणि त्यापासून बनलेली नावं: जनावरांची चरबी.

दोन्हीकडून येऊ शकणारे घटक. ग्लिसरीन, स्टिअरिक ॲसिड, ओलेइक ॲसिड, स्क्वालेन, लेसिथिन. ही नावं वनस्पतीचीही असतात आणि प्राण्यांचीही. स्क्वालेन पूर्वी शार्कच्या यकृतातून काढत, आता ऑलिव्ह आणि उसापासूनही काढतात. लेबल वाचून स्रोत कळत नाही. यासाठी प्रमाणपत्र किंवा कंपनीचं लेखी उत्तर हाच उपाय आहे, तर्क लढवू नका.

उगीच घाबरवणारी नावं. 'सेरा' शब्द दिसला की मधमाशीच असं नाही. सेरा मायक्रोक्रिस्टलिना हे खनिज तेलाचं मेण, युफोर्बिया सेरिफेरा हे कँडेलिला झुडपाचं, कोपर्निशिया सेरिफेरा हे कार्नौबा ताडाचं. 'सिंथेटिक बीजवॅक्स' कारखान्यात बनतं. या नावांमुळे चांगल्या वस्तू परत ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत.

तपासा: आतापर्यंत प्रत्येक पर्यायापुढे 'चालेल', 'नाही' किंवा 'शंका' यांपैकी एक शब्द लिहिलेला असला पाहिजे. छोट्या डबीवर यादीच नसेल तर ती 'शंका'.

## पायरी ३: कुंकू, मेण आणि काजळ वेगळं काढा

व्हीगन मेकअपची यादी लिपस्टिक-फाउंडेशनवर थांबते आणि आपल्या घरातल्या वस्तू सुटून जातात, म्हणून ही स्वतंत्र पायरी.

कोरडं कुंकू टिकावं म्हणून कपाळावर आधी मेण लावायची पद्धत अजून अनेक घरांत आहे. ती छोटी डबी मधमाशीच्या मेणाची असते. त्याऐवजी कँडेलिला किंवा कार्नौबा मेणाचा बिनरंगी बाम वापरता येतो. तोही नको असेल तर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर द्या आणि वर कुंकू दाबून लावा. जेली जास्त झाली तर उन्हात कुंकू ओघळतं. हळदीपासून केलेल्या कुंकवात सहसा प्राणिज काही नसतं. ओल्या कुंकवाच्या बाटलीची यादी मात्र वाचा.

काजळाचं तसंच. घरी धरलेलं काजळ तुपात खललेलं असेल तर ते व्हीगन नाही. बाजारातल्या काजळकांडीत मधमाशीचं मेण असण्याची शक्यता मोठी. आळत्याचा रंगही पारंपरिक पद्धतीत लाखेपासून येत असे, म्हणून बाटलीमागचे रंगक्रमांक पाहा.

सावधान: दुकानात हमखास ऐकू येतं, "ताई, हे पूर्ण हर्बल आहे, बिनधास्त घ्या." हर्बल, नॅचरल, आयुर्वेदिक यांपैकी कोणत्याही शब्दाचा अर्थ व्हीगन होत नाही. आयुर्वेदिक पाठांत तूप, दूध, मध हे नेहमीचे घटक आहेत. विक्रेत्याचा हेतू वाईट नसतो, पण त्याने यादी वाचलेली नसते.

## पायरी ४: आता चिन्हं पाहा

यादी वाचून झाल्यावरच हे करा.

लीपिंग बनी, म्हणजे उडी मारणारा ससा: फक्त चाचणीबद्दल. कंपनी एक तारीख ठरवते, त्यानंतर आपण किंवा आपले पुरवठादार चाचणी करणार नाहीत असं बंधन घेते, पुरवठादारांवर देखरेख ठेवते आणि बाहेरच्या तपासणीला तयार राहते. क्रुएल्टी-फ्रीसाठी मी याला सर्वांत जास्त वजन देते. व्हीगनबद्दल हे चिन्ह काहीही सांगत नाही.

पेटा या प्राणिहक्क संस्थेचा ससा: इथे दोन श्रेणी आहेत. एक फक्त चाचणीमुक्त, दुसरी चाचणीमुक्त आणि व्हीगन. चित्र सारखंच वाटतं, खालचे शब्द वेगळे असतात. ते शब्द वाचा. ही मान्यता प्रामुख्याने कंपनीने दिलेल्या लेखी हमीवर मिळते.

सूर्यफुलाचं चिन्ह: ब्रिटनच्या द व्हीगन सोसायटीचं, १९९० पासूनचं. नोंदणी एकेका उत्पादनाची होते, म्हणून शेडच्या पातळीवर हे उपयोगी पडतं.

हिरवा ठिपका: साबण, शाम्पू आणि प्रसाधनांवर हिरवा किंवा तपकिरी ठिपका देण्याचा नियम २०१४ साली वजनमापांच्या नियमावलीत आला. तो काही डब्यांवर दिसतो, काहींवर नाही. दिसला तरी तो शाकाहारी मूळ सांगतो. दूध आणि मध शाकाहारात बसतात, व्हीगनमध्ये नाही. अन्नपदार्थांवरचा सरकारी व्हीगन लोगो फक्त अन्नासाठी आहे, लिपस्टिकवर त्याची अपेक्षा करू नका.

यांखेरीज जे ससे, पानं आणि हृदयं छापलेली दिसतात, त्यांतली बरीच कंपनीने स्वतः काढलेली असतात. चिन्ह ओळखीचं वाटलं की प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर ब्रँडचं नाव शोधा. दोन मिनिटं लागतात, आणि मान्यता अजून चालू आहे की नाही तेही तिथेच कळतं. देशी माहितीसाठी पुण्यातली ब्यूटी विदाऊट क्रुएल्टी ही संस्था आहे. ती १९७४ पासून काम करते आणि प्राणिज घटकांवर तिची माहिती बारकाईची आहे.

## पायरी ५: 'चाचणी केली नाही' या वाक्याचं वजन करा

भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणिचाचणीवर मे २०१४ मध्ये बंदी आली आणि चाचणी केलेल्या मालाच्या आयातीवर त्याच वर्षी नोव्हेंबरपासून. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी ही बंदी कायम ठेवली. म्हणून 'भारतात प्राण्यांवर चाचणी नाही' हे वाक्य कायद्याचं पालन सांगतं, त्यापलीकडे काही नाही. आपल्याला विचारायचं आहे ते जगभरातल्या विक्रीबद्दल आणि कच्च्या मालाबद्दल.

विक्रीच्या बाबतीत चीन महत्त्वाचा. आयात केलेल्या साध्या मेकअपसाठी तिथे पूर्वी प्राणिचाचणी सक्तीची होती. १ मे २०२१ पासून उत्पादन-दर्जाचं सरकारी प्रमाणपत्र आणि इतर कागद असतील तर साध्या प्रसाधनांना सूट मिळू लागली. केसांचे रंग, सनस्क्रीन, त्वचा उजळवणारी उत्पादनं अशा 'विशेष' गटाला ती सूट नाही. त्यामुळे 'चीनमध्ये विकतात म्हणजे संपलं' हे जुनं सूत्र आता पुरेसं नाही. कंपनी तिथे काय विकते आणि कोणत्या मार्गाने, हे विचारायला हवं.

कंपनीचं धोरण बदलतंही. नार्स हा ब्रँड अनेक वर्षं क्रुएल्टी-फ्री म्हणून ओळखला जाई. २०१७ साली त्याने चीनमध्ये विक्री सुरू करायचं ठरवलं आणि ती ओळख गेली. तेव्हाच्या जुन्या याद्या अजून शोधात वर येतात, म्हणून यादीची तारीख पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

मालक कंपनीचा प्रश्न तयारीतल्या दुसऱ्या मुद्द्याशी जोडलेला आहे. द बॉडी शॉप २००६ मध्ये लॉरिआल या मोठ्या प्रसाधन कंपनीने घेतली तेव्हा जगभर हाच वाद झाला. पुढे मालक बदलले, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या ब्रँडने आपली सगळी उत्पादनं द व्हीगन सोसायटीकडून प्रमाणित झाल्याचं जाहीर केलं. काही जणी म्हणतात, मोठ्या कंपनीच्या छत्राखालच्या व्हीगन ब्रँडला पैसे दिले तर त्या कंपनीला दिशा कळते. काही म्हणतात, नफा शेवटी एकाच तिजोरीत जातो. मी पर्याय असेल तर स्वतंत्र ब्रँड घेते, नसेल तर मोठ्या कंपनीचा व्हीगन ब्रँड घेते. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं, पण ते लिहिलेलं असू द्या.

## पायरी ६: कंपनीला लिहा

'शंका' रकान्यातल्या वस्तूंसाठी ही पायरी. ग्राहकसेवेला मेल करा. फोनवरच्या उत्तराला पुरावा नसतो. "तुमची उत्पादनं व्हीगन आहेत का?" असं विचारलंत तर जाहिरातीतलंच वाक्य परत मिळेल. प्रश्न असे नेमके ठेवा:

1. या नावाच्या, या क्रमांकाच्या शेडमध्ये सीआय ७५४७०, सीआय ७५१७०, मधमाशीचं मेण, लॅनोलिन किंवा शेलॅक आहे का?
2. यातल्या ग्लिसरीन, स्टिअरिक ॲसिड आणि स्क्वालेनचा स्रोत वनस्पती, कृत्रिम की प्राणिज?
3. तयार वस्तूची किंवा कच्च्या मालाची प्राणिचाचणी तुम्ही, तुमचे पुरवठादार किंवा तुमच्या वतीने दुसरं कुणी, जगात कुठेही करतं का?
4. कायद्याने सक्ती असेल तिथे तुम्ही चाचणीला परवानगी देता का?

चौथा प्रश्न सोडू नका. 'कायद्याने आवश्यक असेल तेवढं वगळता' ही पळवाट बहुतेक वेळा याच उत्तरात उघडी पडते.

तपासा: उत्तरात शेडचं नाव आलं आहे का? नसेल तर ते ठरावीक साच्यातलं उत्तर आहे, एकदा पुन्हा विचारा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर मी ती वस्तू सोडते.

## पायरी ७: ब्रश, स्पंज, खोट्या पापण्या

व्हीगन आयशॅडो बकरीच्या केसांच्या ब्रशने लावली जाते, हे अनेकींच्या लक्षात येत नाही. ब्रशवर 'नॅचरल हेअर', 'गोट', 'पोनी', 'सेबल', 'स्क्विरल' लिहिलं असेल तर ते प्राण्यांचे केस. 'सिंथेटिक', 'नायलॉन', 'टॅकलॉन' हवं. पापण्यांमध्ये 'मिंक' शब्द टाळा. 'फो मिंक' (faux mink) म्हणजे नकली मिंक, ते चालतं.

लग्नाच्या मेकअपसाठी ब्यूटीशियन ठरवताना हे आधीच सांगा. लग्नाच्या सकाळी तिच्या पेटीत काय आहे ते बदलता येत नाही. लिपस्टिक, काजळ, पापण्या आणि ब्रश आपले न्यायचे, बाकीच्या वस्तूंचे फोटो ट्रायलच्या दिवशी मागायचे, ही पद्धत माझ्या दोन बहिणींच्या लग्नात नीट चालली.

## पायरी ८: खरेदी आणि त्वचेवरची तपासणी

ऑनलाइन घेताना विक्रेता अधिकृत आहे का ते पाहा. नकली मालावर प्रमाणपत्राची चिन्हंसुद्धा हुबेहूब छापलेली असतात. डबी हातात आली की उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची अंतिम तारीख आणि, आयात माल असेल तर, नोंदणी क्रमांक पाहा. मग शेडची घटकयादी पुन्हा एकदा वाचा. संकेतस्थळावरची यादी आणि खोक्यावरची यादी वेगळी निघाली तर खोक्यावरची खरी माना.

व्हीगन वस्तूची ॲलर्जी येत नाही असं नाही. कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून २४ तास थांबा. खाज, लाली, पुरळ आलं तर चेहऱ्यावर लावू नका. डोळ्यांच्या वस्तूंना ही तपासणी वगळू नका.

चमकदार वस्तू घेताना आणखी एक विचारते. चमक देणारा अभ्रक, म्हणजे सीआय ७७०१९, खनिज आहे, त्यामुळे व्हीगन आहेच. पण झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यात अभ्रक वेचायला लहान मुलं लागतात, हे वारंवार समोर आलं आहे. प्राण्यांसाठी एवढी काळजी घेताना त्या मुलांना विसरणं मला जमत नाही. म्हणून अभ्रक कुठून येतो हा प्रश्नही मी पायरी ६ च्या मेलमध्ये घालते, किंवा कृत्रिम अभ्रकाची वस्तू घेते. यादीत तो सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट नावाने येतो.

## पायरी ९: नोंद ठेवा, वर्षातून एकदा उघडा

फोनमध्ये एक साधी नोंद करा: वस्तू, शेड, तपासल्याची तारीख, लेबलचा फोटो, कंपनीच्या मेलचा फोटो. खोकं बदललेलं दिसलं, 'नवीन फॉर्म्युला' असं छापलेलं आलं किंवा ब्रँड विकला गेल्याची बातमी वाचली, की त्या वस्तूपुढची 'चालेल' ही नोंद पुसून पायरी २ पासून पुन्हा सुरू करा. असं काही झालं नाही तरी वर्षातून एकदा यादी उघडा. मी दिवाळीच्या आधी करते, कारण नवी खरेदी तेव्हाच होते.